किनारीखालची सावली

मित्रांनो, मी एक जुनी फोटोफ्रेम आहे. माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, एक कोपरा सैल झाला आहे, पण खिळ्यावर मी अजून ताठ मानेने लटकते. माझ्या पोटात कितीतरी गावांचे ऊन साठले आहे. त्या उन्हातल्या एका सावलीची ही गोष्ट.

माझा जन्म फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात झाला. काका ओठांत खिळे धरून काम करत, त्यामुळे गिऱ्हाइकाने काहीही विचारले तरी उत्तर एकच, "हूं." त्यांनी माझ्या चार पट्ट्या तिरक्या कापून जोडल्या, काच बसवली आणि काचेच्या आत जाड पुठ्ठ्याची रुंद, दुधी किनार दिली. ती किनार ल्याले तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

मला घरी नेले एका घड्याळजींनी. घरात ते, त्यांची बायको आणि छोटी चिऊ. घड्याळजींची थोरली बहीण, म्हणजे चिऊची आत्या, टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करी आणि दुसऱ्या गावी एकटी राही. पण सहलीला आत्या हवीच, कारण कॅमेरा तिचा होता. तो ती कुणाच्या हाती देत नसे. तुम्ही माणसांची डोकी उडवता, असे तिचे म्हणणे.

ऊन पाठीवर घ्यायचे, म्हणजे समोरचे चेहरे उजळ येतात, हा तिचा नेम. समुद्रावरचा पहिला फोटो धुऊन आला तेव्हा चेहरे खरेच उजळ होते, पण खालच्या वाळूवर आत्याची लांब सावली पडली होती. आत्याने नाक मुरडले. "बिघडला की रे. माझी सावली आलीय. किनारीखाली झाकून टाक." घड्याळजींनी फोटो जरा खाली सरकवला आणि सावली माझ्या किनारीआड गेली.

मग हीच रीत पडली. नवी सहल झाली की नवा फोटो जुन्याच्या पुढे बसायचा आणि खालची सावली झाकली जायची. दुसरी फ्रेम घेऊ या, असे चिऊच्या आईने सुचवले की घड्याळजी म्हणत, माणसं तीच, मग चौकट दुसरी कशाला? जुने फोटो माझ्या पोटातल्या अंधारात एकामागे एक उभे राहिले आणि हळूहळू विसरले गेले.

सगळ्यांत पुढे आला तो डोंगरातल्या तळ्यावरचा फोटो. त्यात सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले, एकट्या चिऊचे मात्र टपोरे उघडे. पाहुणे गमतीने म्हणत, बाकीचे लिंबू चावल्यासारखे आणि ही खाऊ मिळाल्यासारखी. घरात येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर थबके. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे चिऊचा अभ्यास वाढला, आत्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि सहली थांबल्या. मी खिडकीसमोर होते. ऊन यायचे, माझ्या काचेवर टेकायचे, जाताना थोडा रंग घेऊन जायचे. चिऊची आई फार मायेने माझी काच ओल्या फडक्याने पुसायची. ते पाणी कडेने आत झिरपते, हे त्या माऊलीला कसे कळावे? चेहरे फिके होत गेले, फोटोचा वरचा एक कोपरा ओल्या किनारीला चिकटला, आणि माझ्यासमोर कुणी थांबेनासे झाले.

आत्या निवृत्त झाली तेव्हा घड्याळजी तिला कायमची राहायला घेऊन आले. पण आत्या खुर्चीच्या कडेवर बसायची, चहा टाकतानाही विचारायची. तिची पिशवी कोपऱ्यात भरलेलीच असे. शेवटी तिने जाहीर केले की मैत्रिणीच्या घरी वरची खोली रिकामी आहे, ती तिकडे जाणार. घड्याळजींनी परोपरीने समजावले. ती हसून विषय टाळी.

अशाच एका दुपारी चिऊच्या आईने धूळ झटकायला मला खाली काढले. यात आता दिसत तर काही नाही, इथे आरसा लावावा का, असे तिने विचारले.

"लावा की," आत्या म्हणाली. "मी तरी कुठे आहे त्यात?"

म्हणाली ती हसतच. पण दुसरे कुणी हसले नाही. चिऊ आता नोकरीला लागलेली मोठी मुलगी होती. तिने हातातला कप खाली ठेवला, मला उचलले आणि थेट वडिलांच्या कामाच्या टेबलावर नेले. "बाबा, उघडा हिला."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, चिमट्याने माझे गंजके खिळे एकेक करून उपटले. पुढचा फोटो निघताना त्याचा कोपरा किनारीलाच राहिला. चिऊच्या आईचा चेहरा पडला. आणि मग किनार बाजूला झाली.

मित्रांनो, फोटोचा वरचा भाग राखेसारखा फिका होता, पण किनारीखालची पट्टी अजून ओली वाटावी इतकी ताजी. हिरव्या गवतावर आत्याची सावली. दोन्ही हात डोळ्यांशी, एक कोपर बाहेर आलेले, शालीचे टोक उडालेले. ती सावली गवतावरून निघून चिऊच्या पायांपाशी पोचली होती आणि तिच्या फ्रॉकवरून वर चढली होती.

चिऊने त्या सावलीच्या कडेने बोट वर नेले.

"आत्या, म्हणून माझेच डोळे उघडे होते होय? मी तुझ्या सावलीत उभी होते."

"रडत होतीस तू," आत्या हळूच म्हणाली. "ऊन लागतंय म्हणून. मग मीच जराशी सरकले."

मागचे फोटो बाहेर आले. अंधारात राहिल्याने त्यांचे रंग शाबूत होते. वाळूवर सावली, बर्फावर सावली, दगडी पायऱ्यांवर मोडत मोडत उतरलेली सावली. घड्याळजींनी भिंग काढले आणि डोळे पुसले. "ताई, प्रत्येक गावाला आलीयस की तू."

चिऊची आई उठली. "वन्सं, ती पिशवी आणा इकडे," म्हणाली, आणि आत्या उठायच्या आत आपणच तिचे कपडे कपाटात लावू लागली.  मग आत्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

आता मूळ फोटो मऊ कागदात गुंडाळून कपाटातल्या कोरड्या कप्प्यात ठेवले आहेत. त्यांच्या नकला आळीपाळीने माझ्यात बसतात. मी ऊन न पोचणाऱ्या भिंतीवर आहे आणि माझी काच कोरड्या फडक्याने पुसली जाते.

परवा सगळे जवळच्या नदीवर जाऊन आले. या वेळी कॅमेरा चिऊच्या हाती होता आणि आत्या मधोमध, डोळे बारीक करून, डोकं उडवू नकोस म्हणून बजावत. फोटो घरी आला. आत्याने खाली पाहिले आणि सवयीने म्हणाली, "तुझी सावली आलीय गं." मग स्वतःशीच हसली, आणि किनार न लावताच फोटो माझ्यात बसवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण भिंतीवर असेल. तिला उन्हापासून आणि ओलीपासून जपा. अधूनमधून हलक्या हाताने उघडून पाहा. आणि फोटोतली सगळी माणसे ओळखून झाली, की एवढे विचारा, कॅमेरा कुणाच्या हातात होता?