दार न उघडल्याबद्दल मिळालेलं पदक

मी एका नौसैनिकाच्या छातीवरचं पदक बोलतोय. माझी हकीकत ऐकायला तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही पेटीभर पदकं निघालो. तोवर आमच्यावर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून सुखात होतो.

मला मालक मिळाला तो दूरच्या समुद्रातल्या एका लढाईनंतर. गोळा लागून जहाजाला भोक पडलं आणि इंजिनघरात पाणी घुसलं. अशा वेळी जो जवळ असेल त्यानं लोखंडी दार लावायचं आणि हुकमाशिवाय उघडायचं नाही, असा जहाजावरचा नियम. माझ्या मालकानं लावलं. जहाज वाचलं. आत जे राहिले, त्यांत त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. तो आतून हातातल्या लोखंडी पान्यानं दार ठोकत राहिला आणि हा बाहेर उभा राहून ऐकत राहिला.

घरी आल्यावर त्यानं बहिणीला सांगितलं, "गोळा लागला तेव्हाच गेले गं. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

तिला ते खरं वाटलं. ती भावाकडेच राहिली. मला फडक्यानं पुसून लख्ख ठेवायची. तेव्हा मलाही स्वतःचा फार अभिमान होता.

मग एकदा जहाजावरचा जुना सोबती जेवायला आला. या लोकांना कौतुक कुठं करावं याचा पाचपोच नसतो. घास चावत तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचं काळीज बघा. आत मेहुणे दार ठोकतायत, पण गडी जागचा हलला नाही."

बहिणीचा वाढता हात थांबला नाही. "अजून घ्या ना," एवढंच म्हणाली.

त्यानंतर कोणीही पाहुणा आला, की ती स्वतःच्या हातानं मला भावाच्या सदऱ्यावर लावायची आणि लाडानं म्हणायची, "दादा, सांग ना, दार कसं लावलंस?" तो सांगायचा. घामानं भिजायचा, पण नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. एकदा तो तिचे पाय धरायला वाकला. ती पाय मागे घेत म्हणाली, "चहा निवतोय." मला त्याची फार कीव आली.

आज सकाळी तो वारला. न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, "पदक काढून देऊ का? आठवण राहील घरात."

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडे आमचे हे भेटतील. त्यांना दिसायला हवं."

मी जरा तिरका झालो होतो. तिनं मला सरळ केलं आणि पिन पुन्हा घट्ट लावली.

अजून थोडा वेळ आहे. कोणीतरी मला काढा हो. वितळवा, फेकून द्या, माझं काही म्हणणं नाही. त्याला साध्या सदऱ्यात जाऊ द्या.