बोटुकलीची गाडी

अल्काची डिझेल पिकअप अकरा वर्षं कुरकुर न करता चालली आणि यंदा ऐन हंगामात तिच्या गिअरबॉक्सनं मान टाकली.

नवेगाव बांधला अल्का आणि तिचा नवरा प्रफुल मत्स्यबीजाचा धंदा करत. आपल्या तीन बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, रोहू-कटलाची पिल्लं बोटाएवढी वाढवायची, त्यांना बोटुकली म्हणतात, आणि ती जिवंत गावोगावच्या तलावांवर पोचवायची. पाण्याची टाकी दोन चाकांच्या ट्रॉलीवर, ट्रॉली पिकअपच्या मागे हुकाला. गाडी अल्काच चालवी. प्रफुलनं एकदा ट्रॉली मागे घेताना धानाच्या बांधीत घातली होती. तेव्हापासून स्टिअरिंग तिचं आणि टाकीवरचं लक्ष त्याचं, असं ठरून गेलं होतं.

दोघं गोंदियाला जाऊन दोन गाड्या पाहून आले. एक निव्वळ बॅटरीची. दुसरीही बॅटरीचीच, पण पोटात लहानसं पेट्रोल इंजिन; चार्जिंग उतरलं की ते सुरू होऊन बॅटरी भरत राही. प्रफुलचा जीव दुसरीत अडकला.

"जंगलात बॅटरी संपली त काय माश्यायले पायी नेशीन?"

"अवो, दहा वर्षं वापराची हाये," अल्का म्हणाली. "इंजिन आलं का ऑइल आलं, फिल्टर आलं. मंग जुनीनं काय वाईट केलं होतं?"

शेवटी दोघं मुन्ना मिस्त्रीकडे गेले. जुन्या पिकअपची नाडी त्यालाच ठाऊक होती.

"माह्या पोटाचा विचार करत असान त इंजिनवाली घ्या," मुन्ना हसला. मग हात पुसत म्हणाला, "खरं सांगू का वहिनी, एका गाडीत दोन जीव. आज बेस चालन. सात-आठ सालानं दोघायचंबी दुखणं काढा लागन. पण माह्या बोलण्यावर जाऊ नका. भरली ट्रॉली जोडून पाहा."

एजन्सीवाला दोन्ही गाड्या एकेक दिवस द्यायला तयार झाला. पहिल्या दिवशी बॅटरीवाली. काठोकाठ टाकी घेऊन अल्का केशोरीला निघाली. शोरूममधला पोरगा एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर सांगत होता. पण ट्रॉली ओढताना काट्यावरचे आकडे असे भराभर उतरू लागले, की तिनं वेग कमी केला. अर्ध्या वाटेवरच प्रफुल नकारार्थी मान हलवू लागला.

"पाह्यलं? या हिशेबानं तुह्या दीडशेचे पाऊनशेच होतीन."

तेवढ्यात पुढे रस्ता बंद. बांबूचा ट्रक आडवा झाला होता. दोन तास गाड्या हलल्या नाहीत. जुन्या पिकअपमध्ये असं झालं की टाकीतला हवेचा पंप चालावा म्हणून इंजिन चालू ठेवावं लागे. धूर, धडधड, वर डिझेल जळे ते वेगळंच. इथे पंप गाडीच्या बॅटरीवर गुपचूप चालत राहिला. प्रफुल दर दहा मिनिटांनी टाकीत वाकून पाही. बोटुकली मजेत फिरत होती. दोन तासांत बॅटरी फक्त तीन टक्के उतरली.

केशोरीच्या तलावात माल सोडला तेव्हा बॅटरी साठ टक्क्यांच्या आत आली होती. परतताना मात्र आकडा रेंगाळत उतरला. अल्कानं घरी पोचल्यावर पाहिलं, तीस टक्के शिल्लक.

"टाकी खाली होती ना," ती म्हणाली. "आपलं वझं जातानीच राह्यते. येतानी आपुन रिकामेच येतो. कायले भ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी इंजिनवाली घेऊन दोघं थेट लांबच्या तिरोड्याला जाऊन आले. कुठे थांबणं नाही, काळजी नाही. वाटेत इंजिन घूं करून सुरू झालं आणि प्रफुलचा चेहरा उजळला. ती गाडी चांगलीच होती. अल्कानंही ते कबूल केलं.

"पण तिरोड्याले सालात कितीक खेपा?" तिनं विचारलं.

प्रफुलनं बोटांवर मोजलं. "तीन. लय झाल्या त चार."

"आन् बाकीच्या?"

बाकीच्या सगळ्या केशोरीपर्यंतच्या, नाहीतर त्याहून जवळच्या. प्रफुलनं पुन्हा एकदा हिशेब केला. मग म्हणाला, "चार खेपांसाठी सालभर इंजिन कायले वागवायचं? घे तुही. पण बॅटरीची हमी आठ सालाची पायजे, आन् ट्रॉली जोडली तरी हमी चालन असं कागदावर लिहून घेजो."

तसं लिहून घेऊनच त्यांनी गाडी आणली.

सप्टेंबरात तिरोड्याची खेप निघाली. एका दमात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून गोरेगावच्या पेट्रोल पंपावर तासभर चार्जिंग लावलं. त्याच गावात प्रफुलची थोरली बहीण अनुसयाबाई राहायची. इतकी वर्षं माशांच्या घाईपायी दोघं तिच्या गावावरून नुसता हॉर्न वाजवत पुढे जात. आज प्रफुलनं फोन केला, तर बाई डबा घेऊन पंपावरच आली.

"काऊन रे, आता मोठ्या मानसायसारखा थांबाले लागला?"

"मी नाई थांबलो बाई, गाडी थांबली," प्रफुल म्हणाला.

सिमेंटच्या पायरीवर तिघं जेवायला बसली. वांग्याची भाजी, भात, वर लसणाची चटणी. टाकीत पंप चालूच होता. प्रफुलनं एकदा उठून पाणी पाहिलं, परत येऊन आणखी भात मागितला. अनुसयाबाईनं भात वाढला आणि पुढची खेप कधी म्हणून विचारलं.