सभा ठेवली येळवशीला

शिवानंदचं पत्र भाद्रपदात आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

शिवानंद माझा शाळेपासूनचा मित्र. आमची शेतं एका बांधाला लागून होती. आता तो सोलापुरात मुलाकडे राहतो. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर बोलणं जमत नाही. म्हणून तो अजून पत्र लिहितो. त्यानं लिहिलं होतं, "मी माझी जमीन मौजनगरीवाल्यांना दिली, हे तुला कळलंच असेल. तिथं हॉटेल होणार आहे. आता पार्किंगसाठी ते तुझ्याकडे येतील. काय करायचं ते तू ठरव. ज्यानं देऊन टाकलं, त्यानं दुसऱ्याला काय सांगावं? एवढंच विचारतो, येळवशीला मला आता शेत नाही. तुझ्या शेतात आलो तर चालेल का? कळव."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारीच्या शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. असं कोणाला विचारायची वेळ येत नाही. शिवानंदनं विचारलं, याचंच मला वाईट वाटलं.

उत्तर लिहायला मी कितीदा बसलो. पण काय लिहिणार? सीताबाई, माझी बायको, गेल्यापासून मी स्वतःच येळवशीला शेतात गेलो नव्हतो. शेत गोरोबा बटईनं करतो. आंबील कशी करतात हेसुद्धा मला माहीत नाही. शिवाय जे शेत द्यायचं की नाही हेच ठरलेलं नाही, तिथं पाहुण्याला कुठल्या तोंडानं बोलवायचं? तुळजापूरच्या शाळेत जन्मभर ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांची वाक्यं जागच्या जागी लावून ठेवायची सवय. स्वतःचं एक वाक्य मात्र मला कधी पटलं नाही. दोन ओळी लिहून कागद बाजूला ठेवायचो. असंच चालत राहिलं.

मौजनगरी आमच्या गावाबाहेर नळदुर्ग रस्त्याला आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, दाराशी प्लास्टरचे दोन हत्ती. तुळजापूरला आईचं दर्शन झालं की लोक मुलांना घेऊन तिथं येतात. रविवारी रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि एसटी त्यात अडकून पडते. म्हणून हॉटेल आणि पार्किंग. हॉटेलला शिवानंदची जमीन मिळाली. पण ती आणि रस्ता यांच्यामध्ये माझं अडीच एकर शेत आहे.

दिवाळीनंतर ग्रामसभेत हा विषय निघाला. मारुतीच्या देवळासमोर माणसं बसली होती. मी खांबाच्या मागे बसलो होतो.

रणधीर उठला. पदवी घेतलेला मुलगा आहे, दोन वर्षं काम शोधतोय. "तुळजापुरात लॉजवाले कमवतेत," तो म्हणाला. "आन आपण रस्त्याला उभं राहून गाड्या बघायच्या. पार्किंग झालं तर त्याचा ठेका गावातल्याच पोरांना देणार हायेत. तसं बोलले ते."

"आन हॉटेलाच्या न्हाण्यांना पाणी कुठलं?" राजेश्वरीकाकू बायकांच्या बाजूनं म्हणाल्या. "उन्हाळ्यात आमचा बोर नुसती गुळणी टाकतोय. ते हत्ती प्लास्टरचे हायेत म्हणून बरं. खरे असते तर त्येंनाबी पाजावं लागलं असतं."

माणसं हसली. "काकू, तुमच्या नातवाला घसरगुंडीवर न्यायला तुमीच पुढं असता की," रणधीर म्हणाला.

"नेते की. पोराला नेते म्हून शिवार देऊ व्हय?"

सरपंच रामकिसन माझ्याकडे वळले. "अण्णा, शेत तुमचं हाय. तुमी काय म्हणता?"

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. आदल्या दिवशी मी काय बोलायचं याचं टाचण केलं होतं आणि ते खिशात होतं. तोंडून आलं, "विचार करून सांगतो."

"अण्णा पुस्तकात बघून सांगतेत," मागून कोणीतरी म्हणालं. त्यात राग नव्हता. पण मी घरी आलो तो खाली मान घालूनच.

माझा मुलगा दिग्विजय पुण्याला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "अण्णा, देऊन टाका आणि इकडे या. तिथं तुमचं आहे कोण?" खरंच, होतं कोण?

मग मौजनगरीकडून छापील निमंत्रण आलं. हॉटेल आणि पार्किंगवर गावकऱ्यांशी चर्चा, नंतर स्नेहभोजन. त्यांचे व्यवस्थापक योगीराज घरोघर फिरले होते. माणूस तरुण, नाशिककडचा, बोलायला नम्र. सभा त्यांनी अमावास्येला ठेवली होती. त्यांच्या मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत ही अमावास्या सणाची नव्हती. आणि आमच्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येकानं त्यांना "येतो की" म्हणून सांगितलं. त्या "येतो की"चा अर्थ इथल्या माणसाला लगेच कळतो. योगीराज यांनी प्रत्येकाच्या नावाची खुर्ची धरली.

आदल्या संध्याकाळी गोरोबा दारात आला. "अण्णा, उद्या येळवस. शेतात या."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो न्हाय. या."

तो दर वर्षी असंच म्हणायचा. मला वाटायचं, मालक आहे म्हणून रीत पाळतोय. त्याची बायको, सुना, नातवंडं, पाहुणे, एवढ्या माणसांत मी जाऊन बसलो तर सगळ्यांना उगाच सावरून बसावं लागेल. त्यापेक्षा सभेला गेलेलं बरं, असं मी ठरवलं. निमंत्रणावर माझं नाव होतं. तिथं मी कोणाला नको वाटणार नाही, एवढी तरी खात्री होती.

सकाळी गाव रिकामं झालं. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, बैलगाड्या, दुचाक्यांवर तिघं तिघं. मी धुतलेलं धोतर नेसून उलट्या दिशेनं निघालो. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, "अण्णा, तिकडं कुठं?" मी नुसता हात हलवला.

मौजनगरीचं सभागृह वरच्या मजल्यावर आहे. आत खुर्च्यांच्या रांगा होत्या, पांढऱ्या कापडानं झाकलेल्या. एकाही खुर्चीवर माणूस नव्हतं. टोकाला जेवणाची मोठी भांडी झाकून ठेवलेली. योगीराज दाराशी उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि माझ्या मागे कोणी नाही हे पाहून पडला.

"काका, बाकीचे?"

"आज येळवस आहे," मी म्हणालो आणि येळवस म्हणजे काय ते सांगायला लागलो. ते फार लांबलं. ते ऐकत होते, मधूनच कपाळ चोळत होते. "तरीच आज अर्ध्या कामगारांनी सुट्टी मागितली," ते म्हणाले. "मला वाटलं, कोणाचं तरी लग्न असेल. पण मग कोणी बोललं का नाही मला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "तुम्ही तरी आलात. तुम्हाला दाखवतो." त्यांनी पडद्यावर नकाशा लावला. हॉटेलच्या चौकोनात निळा तलाव होता, झाडं होती. माझं शेत राखाडी होतं, त्यावर गाड्यांसाठी पांढरे पट्टे ओढलेले.

ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत. रस्त्यावर गाड्या लागतात म्हणून मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या बाईला गाडीचा धक्का लागला, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पार्किंग आत आलं तर माणसं वाचतील, हेही खरंच होतं. मला काही खोडून काढता येईना.

"शेत तुम्ही स्वतः करता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. गोरोबा करतो."

"मुलगा करणार आहे का?"

"नाही."

"तुम्ही जाता तिथं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग काका, राग मानू नका, तुम्हाला ते हवंय कशासाठी?"

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली कुंपणापलीकडे माझं शेत होतं. ज्वारी कणसात आलेली. मधोमध कोप, तिच्यावर हिरवी शाल घातलेली. कोपीभोवती माणसं नुसती बसली होती. सूर्य माथ्यावर आला होता. आजूबाजूच्या शिवारात जेवणं उरकत आलेली, आणि माझ्या शेतात अजून टोपल्याच सोडलेल्या नव्हत्या.

गोरोबाची बायको दैवशाला बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघत होती. तिनं वर पाहिलं आणि तिला मी दिसलो. तिनं गोरोबाला हाक मारली. तो कुंपणाशी आला.

"अण्णा," तो खालून म्हणाला, "तुमी तिथं व्हय. आमी घराकडं पोरगं धाडलं, तर कुलूप."

"तुम्ही जेवून घ्या, गोरोबा."

"जेवून कसं घ्यावं? चर शिंपायचाय. पुढं मालक लागतोय."

आमच्या शिवारात तशी रीत आहे. आंबिलीचा चर पिकाभोवती शिंपडत जायचं. ज्याचं शेत तो पुढं चालतो, जो करतो तो मागून येतो. हे मला माहीत होतं. पण सीताबाई गेल्यापासून ते लोक कसं करत असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"मागच्या येळवशीला काय केलं?" मी विचारलं.

"वाट बघितली," दैवशाला म्हणाली. "त्येच्या मागच्यालाबी. दिस कलला की मग हे एकलेच फिरून येतेत, पुढची जागा सोडून. पोरं उपाशी ऱ्हातेत, अण्णा. यायचं तर लवकर येत जावा."

तिनं ते तक्रारीच्या सुरातच म्हटलं.

मी खाली उतरलो. योगीराजही माझ्यामागून आले, एवढं मोठं रिकामं सभागृह सोडून. दैवशालानं माझ्या हातात गाडगं दिलं. मी पुढं चाललो, आंबील धोतरावर सांडत होती. मागून गोरोबा येळवशीची आरोळी देत होता, "ओलगे ओलगे, सालम पोलगे." त्याला साथ द्यायची असते. माझा आवाज फुटायला शेताचं एक टोक गाठावं लागलं.

जेवताना योगीराज यांना उंडे भज्जीत कसे कुस्करायचे ते पोरांनी शिकवलं. "साहेब, चमचा न्हाय मिळायचा," दैवशाला म्हणाली. "पार्किंगात मागा." ते हसले. मग त्यांनी दुसरा उंडा कुस्करायला घेतला.

पौष लागल्यावर पुन्हा ग्रामसभा झाली. या वेळी मी टाचण नेलं नाही. उभा राहून म्हणालो, "शेत देणार नाही. माझ्या मागे गोरोबाच करील, तसं दिग्विजयला सांगितलंय. तो नाराज आहे, पण हो म्हणालाय."

रणधीर शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुमचं वर्षातून एक दिवस जेवण व्हावं म्हून आमी वर्षभर रिकामं बसायचं व्हय?"

मी खाली बसलो. तो चुकतोय असं मला आजही म्हणता येत नाही. ती धक्का लागलेली म्हातारी अजून काठी घेऊन चालते. मौजनगरीवाले आता रस्त्यापलीकडे जागा बघतायत. तिथं झालं तर लोकांना मुलंबाळं घेऊन रस्ता ओलांडावा लागेल. योगीराज मला तेच म्हणाले आणि निघून गेले. रणधीर समोरून आला तर आता मोबाइलकडे बघतो. पुण्याचा फोनही कमी झालाय. येळवस वर्षातून एकदाच येते. बाकीच्या दिवसांना माझं घर पूर्वीसारखंच आहे, आणि हे ठरवण्याआधी मला तेही माहीत होतं.

काल मी पत्र लिहिलं. या वेळी कागद बाजूला ठेवला नाही.

"शिवानंद, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. येळवस झाली. या वर्षी तू कुठं होतास, कोणाच्या शेतात बसलास, की घरातच होतास, हे विचारायला मला लाज वाटते. शेत मी ठेवलं आहे. तुझ्या जमिनीत हॉटेलचे खड्डे खणलेत. इथं आलास की ते दिसणार, तयारीनं ये. ज्वारी हुरड्याला आली आहे, पुढच्या येळवशीपर्यंत थांबू नकोस. आल्यावर मोठ्यानं बोलीन. दैवशालाचं म्हणणं आहे, यायचं तर लवकर यावं, पोरं उपाशी राहतात."

पत्ता दोनदा तपासला. आज सकाळी एसटी स्टँडजवळच्या पोस्टापर्यंत चालत गेलो आणि पत्र पेटीत टाकलं.