कुंताचे वडील काय करतात

मला राग लवकर येतो. आता वय झालं तरी येतो, आणि तेव्हा तर तो कायम नाकावरच असायचा. सत्तावन्न साली मी वर्ध्याहून चांदा जिल्ह्यात, आरमोरीच्या पुढे जंगलात वसलेल्या पळसटोल्याला शिक्षिका म्हणून गेले. चार महिन्यांत गावानं मला दोन नावं दिली. तोंडावर इंदुताई आणि पाठीमागे मिरचीबाई. पाठीमागचं जास्त चालायचं.

शाळा म्हणजे एक खोली, तेवीस मुलं आणि मी. दिवाळीआधी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब तोंडी परीक्षा घ्यायला येणार असं पत्र आलं. विषयही त्यातच ठरवून दिला होता: घरची माणसं कोणती कामं करतात. मला वाटलं, याहून सोपं काय असणार? मी एकेका पोराला उभं करून दोन-दोन वाक्यं घोटून घेतली. माझे वडील शेती करतात, ते धान पिकवतात. माझी आई टोपल्या विणते, ती त्या बाजारात विकते. पोरं झोपेतसुद्धा बडबडतील इतकं घोटलं.

घोडं अडलं ते कुंतापाशी. कुंता सात वर्षांची, इस्तारी ढिवराची एकुलती एक मुलगी. पाटीवर अक्षर असं काढायची की बघत राहावं. तिला मी मुद्दाम शेवटी उभं केलं. तिनं हात मागे बांधले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माहा बाबा लेकरं राखते."

"कोणाची लेकरं?" मी विचारलं.

"आमची. रानात हायेत."

"तुम्ही भावंडं किती?"

"मी एकलीच."

वर्गात कोणी हसलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढ्या पोरांमधलं एकही फिदीफिदी करत नाही, म्हणजे चूक पोरीची नाही, आपली आहे, हे कळायला शहाणपण लागतं. माझ्याकडे तेव्हा फक्त छडी होती. छडी मी उचलली नाही, पण खोटं बोलते म्हणून तिला दिवसभर उभं ठेवलं.

संध्याकाळी घरमालकीण गुणाबाईनं मला सगळं उलगडून सांगितलं. इस्तारीनं कोसा ठेवला होता. म्हणजे रेशीम काढायला ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडल्या होत्या. इथले ढिवर एरवी तलावात मासे धरतात आणि वर्षातले काही महिने हे काम करतात. या अळ्या झाडावर असेपर्यंत त्यांना अळी म्हणायचं नाही, किडा म्हणायचं नाही. घरात नाही, दारात नाही, चुकूनसुद्धा नाही. लेकरं म्हणायचं. दुसरा शब्द तोंडून निघाला की पीक बुडालंच म्हणून समजायचं.

आता मला उत्तर कळलं होतं, तर गप्प बसावं की नाही? पण मी पडले शिकलेली. असल्या समजुती मोडून काढायच्या, हे मी वर्ध्याहून निघतानाच ठरवून आले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझे वडील कोशाच्या अळ्या पाळतात', आणि कुंताला म्हटलं, वाच. तिनं 'माझे वडील कोशाच्या' इथपर्यंत वाचलं आणि थांबली. पुढचा शब्द तिला वाचता येत होता, तो वाचून झाल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तिथंच थांबली. तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, की हा शब्द म्हणायचा नसेल तर शाळेत यायचं नाही.

तिनं पाटी काखेला मारली आणि निघून गेली. रडली असती तर मी विरघळले असते. ती रडली नाही.

दोन दिवस तिची जागा रिकामी राहिली. मग रविवार आला. मी सकाळीच रानात निघाले, इस्तारीला जाब विचारायला. पोरीला असलं काही शिकवून तू तिचं नुकसान करतोस, असं भरभक्कम भाषण वाटेत तयार केलं.

ऐनाची झाडं तलावाच्या पलीकडे होती. बुंध्यांभोवतीचं गवत खरडून साफ केलेलं, मुंग्या चढू नयेत म्हणून राख पसरलेली. इस्तारी अनवाणी उभा होता, दाढी वाढलेली, पाखरं हाकलायला हातात गुलेल. त्यानं मला दुरूनच थांबवलं आणि चपला काढायला सांगितल्या. मी निमूट काढल्या. का काढल्या, कोण जाणे.

कुंता तिथंच होती. एका झाडाचा पाला खाऊन संपला होता. त्याच्या डहाळ्या ती एकेक करून विळ्यानं कापत होती. डहाळीला चिकटलेला बोटाएवढा जाड हिरवा जीव तसाच राहू द्यायचा, डहाळी दोन्ही हातांत आडवी धरायची, दुसऱ्या झाडापर्यंत न्यायची आणि तिथल्या फांदीला अलगद बांधायची. एकालाही तिनं बोट लावलं नाही. मी आल्याचं तिला दिसलं होतं, पण तिनं काम सोडलं नाही. नकळत मीच श्वास रोखून उभी राहिले.

इस्तारीनं सांगितलं, की ती रोज शाळेआधी येऊन हे करते. लेकरं झाडावर असेपर्यंत मासा वर्ज्य, म्हणून घरात दीड महिना मासा शिजला नव्हता, ढिवराच्या घरात, आणि पोरीनंही कुठं बाहेर तो तोंडाला लावला नव्हता. मी माझं भाषण सुरू केलं. नुसत्या शब्दानं काही मरत नसतं, असं सांगायला लागले आणि तो शब्द ओठांवर येणार तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"बाई, तो शबद म्हनला तर कोनी जपून उचलते का? लेकरू म्हनलं का हात आपोआप हलका होते. माह्या बापानं मले असंच शिकवलं, मी तिले शिकवून राह्यलो. आमच्या कामातला पयला धडा हाय तो."

मी दहा वर्षं शिकले होते, वर ट्रेनिंग केलं होतं, आणि हा धडा मला कोणी दिला नव्हता. मला माझी लाज वाटली.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. त्याचा म्हातारा बाप पोरीला शाळेत घालायला तयारच नव्हता. साहेबाच्या परीक्षेत नापास झाली तर शाळा बंद, असं तो चार माणसांत बोलून बसला होता. "तिले परत घ्या बाई," इस्तारी म्हणाला, "पन तो शबद मागू नोका."

माझी जीभ सहजासहजी माफी मागत नाही. कुंताला मी इतकंच म्हटलं, की उद्यापासून ये, तो शब्द मी मागणार नाही. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी ती आली. मी एक युक्ती काढली. डिप्टीसाहेब दहा-पंधरा पोरांना विचारून कंटाळतात आणि उरलेल्यांना सरसकट पास करतात, असं ऐकून होते. म्हणून कुंताला शेवटच्या रांगेत, थोराड कोलूच्या मागे बसवलं आणि गप्प राहायला बजावलं.

गुरुवारी साहेब आले. पोरांनी घोटलेली वाक्यं धडाधड म्हटली. साहेब नावापुढे पास लिहीत गेले. चौदाव्या पोरानंतर त्यांनी जांभई दिली आणि पेन्सिल खाली ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून कुंता आपणहून उभी राहिली.

"माहं राह्यलं," ती म्हणाली.

साहेबांनी कौतुकानं विचारलं, तुझे वडील काय करतात? तिनं हात मागे बांधले.

"माहा बाबा लेकरं राखते. ते ऐनाचा पाला खातेत. चारदा झोपतेत, उठले का जुनी कातडी टाकतेत. मंग आपल्याभवती घर बांधतेत. त्या घराचं सूत निघते." तिनं बोट वर केलं. "साहेबाच्या डोक्याले हाय, ते."

साहेबांचा हात आपल्या कोशाच्या रेशमी फेट्याकडे गेला. पोरं त्या फेट्याकडे टकामका बघायला लागली. साहेबांना ते रुचलं नाही. बाकी सगळं ठीक आहे, पण त्यांना काय म्हणतात ते नाव सांग, असं त्यांनी दरडावलं. कुंता म्हणाली, लेकरं. नाव चुकलं म्हणजे उत्तर चुकलं, साहेब म्हणाले, आणि पेन्सिल उचलून तिच्या नावावर आणली. मग माझ्याकडे वळले.

"बाई, बरोबर उत्तर तुम्ही सांगा. ती तुमच्यामागून म्हणेल. नाही म्हटलं तर नापास."

मी कुंताकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो का असावा? साहेबांनी काहीही म्हटलं असतं तरी लागलं नसतं, इतकं ते मला लागलं.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "कुंताचे वडील लेकरं राखतात."

बाई म्हणतील ते त्यांच्यामागून म्हणायचं, एवढं एकच पोरांना पक्कं ठाऊक. बावीस गळे एकदम सुटले, "कुंताचे वडील लेकरं राखतात." कुंताला ऐकू गेलं नाही. तिला फक्त सगळ्यांची तोंडं हलताना दिसली. तिनं भीतभीत एका कानावरचा हात काढला. मी पुन्हा म्हटलं. पोरं पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तीही म्हणाली.

साहेबांनी फेटा नीट केला. मग त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, "हिच्या नावापुढे काय लिहू?"

"पास," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. शेरेबुकात माझ्याबद्दल जे लिहिलं ते मात्र पास नव्हतं, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.