चवळीची लूट

सिरामानाबुगूत चवळी कुणी खात नाही. पेरतात सगळे, राखतात सगळे, झोडपून पोती भरभरून घरात नेतात. पण खाता का म्हणून विचाराल तर कुणीच खात नाही. मग एवढी चवळी जाते कुठे? केइता घराण्यातली मंडळी म्हणतात, कुलिबाली घराण्याच्या पोटात. कुलिबाली म्हणतात, केइतांच्या.

खरं म्हणजे दोघंही चवळीवर जीव टाकतात. घरात चवळी शिजत असली की बायका दाराच्या फटीत फडकी कोंबतात आणि वास दाबायला अंगणात मुद्दाम जुनी चप्पल जाळतात. एका केइताला तर अशी तलफ यायची, की तो टोपीखाली वाडगा लपवून तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहायचा आणि मासे धरायच्या निमित्ताने जेवून यायचा. तळ्याच्या त्या कोपऱ्यातले मासे आजही बाकीच्यांपेक्षा गुबगुबीत असतात.

केइता आणि कुलिबाली हे थट्टेचे भाऊबंद. पणज्याच्या पणज्यापासून चालत आलेलं नातं. केइताने कुलिबालीला भर बाजारात चवळीखाऊ म्हणावं, कुलिबालीने केइताच्या पुढ्यातलं ताट उचलून न्यावं, आणि दोघांनीही रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. आणि जो चवळी खाताना दिसला, तो तर सात पिढ्यांसकट हरला.

आता अशा गावात मासारान कुलिबाली चवळीचं पोतं घेऊन उतरली.

तिचा त्यात काडीचा दोष नव्हता. मासारान म्हणजे सान नावाच्या गावातल्या एका संस्थेची बाई. संस्थेचं काम शाळेतल्या मुलांची तब्येत बघायचं: डोळे तपास, दात तपास, खरूज असेल तर मलम दे, आणि वर्षातून एकदा जंताच्या गोळ्या. संस्थेचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक नुसतं ‘गोळीवाली संस्था’ म्हणत. सिरामानाबुगूच्या तळ्यात एक बारीक जंत असतो. पोरं पोहायला उतरली की तो कातडीतून आत शिरतो, आणि मग पोरांना लाल लघवी होते. मुलगे शाळेच्या भिंतीपाशी ओळीने उभे राहून कुणाची जास्त लाल याच्या शर्यती लावत आणि आपण बाप्ये झालो म्हणून मिशीच्या जागी हात फिरवत. पोटात कळ आली की मात्र आई आठवायची.

मागच्या वर्षी गोळ्या दिल्या तेव्हा पोरं उपाशी होती. गोळी कडू, पोट रिकामं. अर्धी शाळा कडुनिंबाखाली ओकत बसली. आया चिडल्या. म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी तुमच्या डोळ्यांदेखत पोटभर जेवू घाला, नाहीतर तुमच्या गोळ्या तुमच्याच कोंबड्यांना चारा. आणि संस्थेच्या साहेबांनी मासारानला बजावून ठेवलं होतं, की यंदाही गोळ्या परत आल्या तर हे गाव फेरीतून कायमचं काढायचं. म्हणून मासारानने यंदा तांदळाचं पोतं मागितलं होतं. गोदामावर सेकूबा केइता होता. त्याने तीनचाकीवर पोतं चढवलं, दोरीने आवळलं आणि गोड हसून म्हणाला, “जा ताई, सुखाने जा.” केइता कुलिबालीशी गोड हसतो तेव्हा पोतं उघडून बघावं, एवढं तिला कळायला हवं होतं. घाईत ती विसरली.

शाळेच्या अंगणात पोतं उघडलं आणि स्वयंपाकीण नियेबा दोन पावलं मागे सरली, आत साप दिसावा तशी.

मासारानने तिथूनच फोन लावला.

“सेकूबा, मेल्या, हे काय पाठवलंस?”

“तुझ्या माहेरचं जेवण,” पलीकडून सेकूबा म्हणाला. “मला वाटलं, फाटकाबाहेर उघडून बघशील आणि शिव्या देत परत येशील. चहा टाकून बसलो होतो तुझ्यासाठी. आली का नाहीस?”

“मी सिरामानाबुगूत आहे. मुलं ताटल्या घेऊन उभी आहेत.”

पलीकडे चहाचा भुरका अर्ध्यात थांबला. मग सेकूबाचा आवाज एकदम बारीक झाला. “तांदूळ इथेच आहे गं. उद्या सकाळी पाठवतो.”

“उद्या मी पुढच्या गावात असते. तू बस चहा पीत.”

गावात कुणाकडे मागावं, तर तो शेजारगावच्या बाजाराचा दिवस. नियेबा सोडून झाडून सगळ्या बायका पहाटेच गेलेल्या, कोठारांना कुलपं, किल्ल्या त्यांच्या कमरेला. गावात उरले होते गोरखचिंचेखाली चहा पिणारे म्हातारे, शाळेतली पोरं आणि हे पोतं. मासारानने पदर खोचावा तशी लुंगी आवळली आणि म्हणाली, “नियेबा, चूल पेटव.”

चवळी शिजली. कांदा पडला, तेल पडलं, मिरची पडली. आणि दारं-फडकी काही नसलेल्या उघड्या अंगणात तो वास असा सुटला, की छपरावरच्या पाली खाली उतरून ओळीत उभ्या राहिल्या. गोरखचिंचेखाली म्हाताऱ्यांचा चहा गार होत गेला. गाढवाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

ताटल्या वाढल्या. मुलं खाली बसली. कुणी हात लावेना.

अर्धी शाळा केइता, अर्धी कुलिबाली. एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत बसलेली. जो पहिला दाणा तोंडात घालेल, त्याच्या नातवंडांनाही लोक चिडवतील हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. एकाने भूक आवरायला सदऱ्याची बाही चघळायला घेतली होती, कोपरापर्यंत संपवली.

तिसरीतली नाकानी केइता पोट दाबून बसली होती. लाल लघवीचा त्रास तिला मुलग्यांपेक्षा जास्त, पण ती शर्यतीत नव्हती म्हणून कुणाला माहीत नव्हतं. मासारानला माहीत होतं. मागच्या वर्षी कडुनिंबाखाली हिचंच डोकं तिने मांडीवर घेतलं होतं.

“खा गं पोरी. खाल्लंस की गोळी, गोळी घेतलीस की कळ बंद.”

“भूक नाही,” नाकानी म्हणाली, आणि तिचं पोट एवढ्या जोरात गुरगुरलं की पुढच्या रांगेतल्याने वळून बघितलं.

“पोट काय म्हणतंय ऐक.”

“पोटाला कळत नाही काकू. ते केइता नाही. मी केइता आहे.”

हेडमास्तर फोतिगी केइता पुढे आले. चवळीत किती ताकद असते, रक्त कसं वाढतं, यावर त्यांनी फार सुंदर भाषण केलं.

“मग सर, तुम्हीच सुरुवात करा,” मासारान म्हणाली.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. “माझा आज उपास आहे.”

“सकाळी लाडू खाताना बघितलं मी.”

“तेव्हापासून धरलाय. आणि तुमच्या घरचं अन्न तुम्हीच का नाही खात? चवळी बिचारी कधीची तुमच्याकडे बघतेय, आईकडे बघावं तशी.”

तिने दात खाल्ले, चवळी खाल्ली नाही. तिला तिचा बाप आठवला. शेवटच्या आजारात म्हाताऱ्याला चवळीची इच्छा झाली होती. शिजवून उशाशी ठेवली, तेवढ्यात एक केइता समाचाराला आला आणि उठेचना. बाप दाराकडे बघत राहिला, केइता वाडग्याकडे. शेवटी बाप तसाच गेला, न खाता, मान ताठ ठेवून. त्या बापाची ही लेक.

ती गोरखचिंचेखाली गेली. तिथे गावचा सगळ्यांत म्हातारा, झुमाना केइता, खाटेवर बसला होता. आपण एकशे तीस वर्षांचे आहोत असं तो सांगायचा. पुरावा मागितला की खोकायचा.

“म्हाताऱ्या, तुझ्या दारात मागायला आलेय,” मासारान म्हणाली. “थट्टेच्या भावाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही.”

“माग की, चवळीखाऊ. गाढव माग, छत्री माग, माझी धाकटी बायको माग. ती तर आजच घेऊन जा.”

“चार घास खा. पोरांसमोर. तू खाल्लंस की केइता खातील, केइतांनी खाल्लं की आमची खातील.”

“हे सोडून माग.”

“नातवंडं आजारी आहेत तुझी.”

झुमानाने ग्लास खाली ठेवला. थट्टा त्याच्या डोळ्यांतून क्षणभर गेली. “ठाऊक आहे गं मला. नाकानी रात्री माझ्या खाटेजवळ येऊन कण्हते. पण मी खाल्लं तर तीच माझ्याशी बोलायची नाही. एक सांगतो, तुझ्या जागी मी असतो तर माझ्यापुढे वाडगा घेऊन आलोच नसतो. कुलिबालीच्या हातातला वाडगा बघितला की मला काहीतरी होतं. लहानपणापासून. हात शिवशिवतात.”

मासारानने त्याच्या शिवशिवणाऱ्या हातांकडे बघितलं. मग अंगणात परत गेली, ढीगभर चवळी सगळ्यांत मोठ्या वाडग्यात घेतली, आणि भर अंगणात, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी मांडी घालून बसली. मनातल्या मनात बापाची माफी मागितली.

“मी मासारान,” ती घसा खाकरून म्हणाली, “आजा कुलिबाली, पणजा कुलिबाली. मला चवळी आवडते. रोज खाते. नसली तर झोप येत नाही. आता हा सगळा वाडगा मी एकटी खाणार आहे.”

अंगणात माशीसुद्धा उडायची थांबली. कुलिबालींच्या पोरांनी तोंडं झाकून घेतली. असं उघड्यावर, अशा शब्दांत, जग निर्माण झाल्यापासून कुठल्या कुलिबालीने कबूल केलं नव्हतं. तिने हात घातला, मूठ भरली, उचलली.

गोरखचिंचेखाली खाट कडाडली. जो झुमाना पायखान्याला जायलाही दोघांचे खांदे मागायचा, तो काठी फेकून असा सुटला की मधल्या दोन कोंबड्या पिसं ठेवून पळाल्या. त्याने वाडगा तिच्या मांडीवरून हिसकला, मूठसुद्धा उलगडून घेतली. मग त्याच्या लक्षात आलं, की सगळी शाळा बघतेय आणि वाडगा आपल्या हातात आहे.

“टाकून दे, आजोबा,” नाकानी कुजबुजली.

“टाकली तर ही उचलून खाईल,” झुमाना म्हणाला, आणि एक घास तोंडात कोंबला. डोळे मिटले. कितीतरी वेळ मिटलेलेच ठेवले. “ही मी खात नाहीये. लुटतोय.”

“अरे देवा, लुटलं मला या केइताने,” मासारान कपाळ बडवत म्हणाली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून झुमानाला म्हणाली, “पोटभर लूट, म्हाताऱ्या.” मग उठून उभी राहिली. “ऐका रे पोरांनो. डावीकडच्या सगळ्या ताटल्या कुलिबालींच्या. त्यांची जीव की प्राण चवळी आहे त्यात. उजवीकडच्या केइतांच्या.”

पोरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एका दमात सगळी शाळा उठली.

“थांबा,” मासारान अशी गरजली की पोरं हवेतल्या हवेत थांबली. “लुटायच्या आधी हात धुवायचे. साबण लावून. नखांतसुद्धा.”

एवढे स्वच्छ दरोडेखोर त्या मुलखात ना आधी झाले ना नंतर. बादलीपाशी रांग लावून, हात झटकत, कुलिबाली केइतांवर तुटून पडले आणि केइता कुलिबालींवर. नाकानीने एका कुलिबाली पोराची शिगोशीग भरलेली ताटली पळवली आणि भिंतीला पाठ लावून बसली. “मी खात नाही हं,” ती भरल्या तोंडाने सगळ्यांना सांगत होती. तो पोरगा रडला नाही. त्याने हेडमास्तरांच्या टेबलावरचं ताट पळवलं. हेडमास्तर “शिस्त, शिस्त” म्हणत त्याच्यामागे धावले, आणि धावता धावता स्वतः दोन ताटल्या लुटून आले. उपास त्याआधी कधी सुटला ते कुणी पाहिलं नाही. नियेबा पातेलं आडवं करून बसली होती, ‘हे दोघांचंही नाही’ म्हणत. तिने ते एकटीने पुसून घेतलं.

मग मापाची काठी उभी केली. जेवढी उंची तेवढ्या गोळ्या, काठीवर रंगाचे पट्टेच असतात. इथेही चुरस लागलीच: कडू गोळी गिळताना ज्याचं तोंड वाकडं होईल, तो घराणं बुडवेल. त्यामुळे सगळ्यांनी गोळ्या अशा गिळल्या जसं साखर खाताहेत, तोंडं लाकडासारखी ताठ ठेवून. नाकानीने गिळल्या, पाणी प्यायली, जीभ बाहेर काढून दाखवली. मासारान बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. नाकानी ओकली नाही. उलट भिंतीला टेकून तिथेच झोपी गेली, हाताला अजून साबणाचा वास.

झुमानाही काठीपाशी आला. टाचा उंचावून उभा राहिला.

“टाचा खाली, म्हाताऱ्या.”

“जास्त गोळ्या मिळाव्यात म्हणून नाही गं. या वयात उंच दिसावंसं वाटतं.”

बरोबर आणलेल्या गोळ्यांतली एकही परत न्यायला उरली नाही. मासारानने सामान बांधलं तेव्हा सगळं गाव वेशीपर्यंत आलं, बाजारातून परतलेल्या बायकांसकट, आणि एका सुरात ओरडलं, “चवळीखाऊ, चवळीखाऊ.” तिची स्वतःची कुलिबाली मंडळी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, बाईने नाव घालवलं होतं, ते कुणी विसरणार नव्हतं. ती तीनचाकीवर मागे तोंड करून बसली आणि दोन्ही हात हलवत राहिली, गाव दिसेनासं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात पोचली, तर बातमी तिच्याआधी येऊन अंघोळ करून बसलेली. शाळेच्या फाटकातच तिथले हेडमास्तर उभे.

“या चवळीखाऊबाई. भाताचं पातेलं तयार आहे. पण मुलं शिवत नाहीत.”

“का, काय झालं?”

“म्हणतात, वाढलेलं आम्ही खाणार नाही. लुटू द्या.”

अंगणात सगळी शाळा, इथली दोन्ही थट्टेची घराणी, ओले हात वर धरून उभी होती. मासारान तीनचाकीवरून खाली उतरली आणि तिने बाह्या सरसावल्या.

“बरं,” ती म्हणाली. “इथे त्राओरे कोण आणि जारा कोण?”