क्रूसाची गाडी

बेत पहिला

शनिवार, २ जुलै १९४९. सकाळी बोट जिनोआ बंदराला लागेल.
संध्याकाळी मिलान.
मिलानहून रात्रीची जलद गाडी. गोटहार्डचा बोगदा, लांबी नऊ मैलांहून जास्त.
रविवारी सकाळी बाझल. रविवारी रात्री हॉलंड.
शेरा: सामान हलवणे कमी. उत्तम.

या बेतात एकच खोट होती. त्यात आल्प्स पर्वत कुठे दिसत नव्हता.

'नाना,' दमयंती वहीवर बोट ठेवून म्हणाली, 'तुम्ही मला डोंगराच्या पोटातून नेताय. तेही झोपेत. मला पाठीवरून जायचंय.'

नृसिंहरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस. आधी तिकीट कलेक्टर, मग आडबाजूच्या स्टेशनांवर मास्तर, आता निवृत्त होऊन माळीवाड्यात लेकीजवळ. प्रवाशाला शंका असू शकते हे त्यांना मान्य होतं. प्रवाशाला हौस असू शकते हे नव्हतं.

'प्रवास म्हणजे इथून तिथं पोचणं,' ते म्हणाले.

'तिथं म्हणजे हॉलंडला. जिथं डोंगर औषधालाही सापडायचा नाही.'

दमयंती नगरच्या एका मुलींच्या शाळेत अकरा वर्षं भूगोल शिकवत होती. दरवर्षी दिवाळीनंतर युरोप येई आणि ती फळ्यावर पांढऱ्या खडूनं आल्प्सची रांग काढी. दरवर्षी कोणीतरी विचारी, 'बाई, बर्फाचा डोंगर दिसतो कसा?' 'साखरेच्या ढिगासारखा,' असं ती सांगे. मग रेशन आलं. मुलींनी साखरेचा ढीगही पाहिलेला नसे, आणि बाईंनी बर्फ पाहिलेला होता तो फक्त भुशात गुंडाळलेला, लग्नाच्या मांडवातल्या सरबतासाठी आणलेला.

आता हॉलंडमध्ये शिक्षकांचा सहा आठवड्यांचा वर्ग होता आणि त्यात तिची निवड झाली होती. सोमवारी दुपारी चारला तिथं हजेरी. वर्ग संपला की तिकडूनच बोटीत बसून सरळ मुंबई. म्हणजे आल्प्स पाहायला मिळाला तर जातानाचा तो एक रविवार. नाहीतर पुन्हा खडू.

नानांनी पान उलटलं.

बेत दुसरा

शनिवारी रात्री तिरानो गावी मुक्काम. इटलीची हद्द इथे संपते.
रविवारी सकाळी बर्निना घाटातली डोंगरगाडी. माथा सुमारे ७,४०० फूट.
पुढे सेंट मॉरिट्झ, कूर, झुरिच. रात्री बाझल.
तिथून रात्रीची गाडी. सोमवारी दुपारी हॉलंडात हजर.
शेरा: गाड्या बदलणे पाच. तरीही

'तरीही'च्या पुढं काही लिहिलेलं नव्हतं. पण त्या आठवड्यात नाना दहा वर्षांनी तरुण झाले होते, हे शेजारपाजारही सांगेल.

स्वित्झर्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक टपालानं आलं होतं. विटेएवढं जाड. अर्धं जर्मन, अर्धं फ्रेंच. दमयंतीनं ते उघडून मिटलं.

'आण इकडे,' नाना म्हणाले. 'वेळापत्रकाला भाषा लागत नाही. गावं असतात आणि आकडे असतात.'

आणि खरंच त्यांनी ते वाचलं. तिसऱ्या दिवशी पानं तोंडपाठ. सोबत आलेल्या रंगीत पत्रकावरून त्यांना कळलं की ही गाडी दातेरी रुळाशिवाय चढते. आपल्याकडं घाटात मागून ढकलायला दुसरं इंजिन लावतात, तसंही काही नाही. ब्रुसिओ नावाच्या गावाजवळ तर गाडी दगडी कमानीखालून शिरते, मैदानात गोल वेढा घेते आणि स्वतःच्याच रस्त्यावरून वर निघून जाते. नानांनी पंच्याचा वेढा जमिनीवर मांडला, त्यातून काड्यांची पेटी फिरवली आणि दमयंतीला तीन वेळा दाखवलं. चौथ्यांदा स्वतःसाठी.

मग चौथ्या दिवशी त्यांची नजर वेळापत्रकात गाड्यांच्या रकान्यांवर छापलेल्या बारीक खुणांवर गेली.

तिरानोहून सकाळी उपयोगी पडाव्यात अशा दोनच गाड्या होत्या. पहिलीच्या माथ्यावर एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हातोडे. दुसरीच्या माथ्यावर क्रूस. दुपारच्या गाडीला खूण नव्हती, पण ती धरली तर बाझलची रात्रीची गाडी चुकत होती.

हातोडे म्हणजे मजुरांची गाडी. हे नानांना पाहताक्षणी समजलं.

आणि क्रूस म्हणजे… हेही समजलं.

बेत तिसरा

पहिल्याप्रमाणे. बोगदा.
शेरा:

'असं काय झालं एका रात्रीत?' दमयंतीनं विचारलं. 'कालपर्यंत पंच्याचे वेढे घालत होतात.'

'बोटीला उशीर झाला तर?'

'तर मग बोगद्याचीही गाडी चुकते.'

'तू एकटी बाईमाणूस. पाच ठिकाणी गाडी बदलायची.'

'एकटी बाईमाणूस दोन आठवडे समुद्रावर चालते, आणि छोट्या डोंगरगाडीत चालत नाही?'

नानांनी वही मिटली. शुक्रवारी मुंबईच्या एजंटला मार्ग कळवायचा होता. तिकिटावर मार्ग लिहून येई, मग त्यात फरक होत नसे. आज मंगळवार होता.

'कळवा तुम्हाला हवं ते,' दमयंती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि नानांना तेच जड गेलं. 'आजवर फळ्यावर पांढरा डोंगर काढला. यापुढं काळा काढीन. तेवढाच पाहिलेला असेल.'

ती शाळेत निघून गेली. नाना ओसरीवर बसून राहिले.

खरं कारण तिला सांगायचं तर आधी दुसरंच काही सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, अगदी तिच्या आईलाही नाही.

एक जंक्शन, १९२१

बाई तिशीतली. पहिल्या वर्गाचं तिकीट. जवळ एक ट्रंक आणि फिरकीचा तांब्या. डब्यावर पाटी: फक्त युरोपियनांसाठी.

'इथं बसता येणार नाही.'

बाईनं तिकीट पुढं केलं. 'हे बरोबर आहे ना?'

'बरोबर आहे.'

'मग?'

तिकीट कलेक्टर नृसिंह यानं डब्यावरच्या पाटीकडं बोट केलं. त्यानं तिची ट्रंक स्वतः उचलून खाली ठेवली, हमालाला हाक मारली नाही. तेवढंच केलं. बाई उतरली. गाडी सुटली तेव्हा ती फलाटावरच होती, हातात तिकीट.

पुढं स्वराज्य आलं. पाट्यांचे स्क्रू निघाले. पण पाटीखालचं लाकूड फिकटच राहिलं, आणि नानांना ते फिकट चौकोन डब्यांवर अजून दिसत. तिकडं, गोऱ्यांच्या मुलखात, पाटीऐवजी क्रूस लावत असतील. सात हजार फुटांवर कुणी दमूची ट्रंक खाली ठेवली तर ती कुणाला विचारणार, 'मग?'

भिंगार

गुरुवारी दुपारी नाना जेवण उरकून टांग्यात बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत वेळापत्रक. टांगेवाला कारभारी लढाईत इटलीत खेचरं हाकून आलेला होता.

'बाई परदेशी निगाल्या म्हनं,' कारभारी म्हणाला. 'बरफ लई आसंल तितं.'

'तू पाहिलास का?'

'लांबनं. आमी खालीच चिखलात. वर समदं पांढरं हुतं. सायबानं बगू दिलं तवा बगितलं.'

नानांनी घसा साफ केला. 'तिकडं रेल्वेत आपल्या माणसाला बसू देतात का रे?'

'आमाला दिलं की. मालगाडीत, खेचरांसंगं.' कारभारीनं लगाम झटकला. 'खेचर काय इचारत न्हाई, तुमी कोन म्हनून.'

नानांनी मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली.

लीनाबाई साळवे दमयंतीच्याच शाळेत इंग्रजी शिकवत. वडील पास्टर होते, आता थकलेले; त्यांच्यासाठी त्या दर गुरुवारी दुपारनंतर रजा घेत. भिंगारच्या जुन्या बाजारामागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. नाना कधी तिथं आले नव्हते. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हटलं, मग हो म्हटलं.

'दमू बरी आहे ना? दोन दिवस शाळेत कुणाशी बोलत नाही.'

'बरी आहे. माझं एक काम होतं, लीनाबाई. तिला कळता कामा नये.'

'बोला.'

'तुमच्याकडं एखादा क्रूस असेल का? गळ्यात घालायचा. तुमचा नको, जास्तीचा असेल तर. एका दिवसापुरता.'

'कुणासाठी?'

'दमूसाठी. मी तिच्या पेटीत ठेवीन, वर चिठ्ठी लिहीन. तिरानोला घालावा, सेंट मॉरिट्झला काढावा.' मग त्यांनी वेळापत्रक काढून खूण दाखवली. 'ही गाडी फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे. ही बाजूची मजुरांची. मधल्या माणसाला गाडीच नाही.'

लीनाबाई हसल्या नाहीत. हसतील याची तयारी करून नाना आले होते, त्यामुळं ते गोंधळले.

'नाना, मी जन्मानं ख्रिस्ती. माझे बाबा पास्टर. तुमच्या रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात आम्हाला कधी बसू दिलं?'

नानांनी आठवून पाहिलं. आठवायची गरज नव्हती. 'नाही.'

'तुम्ही असता तर दिलं असतं?'

'नाही.'

'मग क्रूस घालून दमूचं काय होणार?'

नानांनी चहाचा घोट घेतला. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा साधा हिशोब त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

'आणि दुसरं सांगा,' लीनाबाई पुढं म्हणाल्या, 'त्या देशात सगळेच ख्रिस्ती. क्रूसाची गाडी ख्रिस्ती लोकांची, तर ही दुपारची बिनखुणेची कुणासाठी ठेवलीय? त्यांनी काय दमूची वाट बघत ठेवलीय?'

आतल्या खोलीतून पास्टरसाहेबांचा खोकला आला. की हसू होतं, कळलं नाही.

लीनाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. पहिल्या पानांत खुणांची यादी होती. नानांनी ती सोडून दिली होती, कारण तिच्यात गावंही नव्हती आणि आकडेही. क्रूसापुढं एक लांबलचक ओळ. लीनाबाईंनी पहिल्या शब्दाची अक्षरं जुळवली.

'सॉन. टाग. सॉनटाग.' त्या थांबल्या. मग मान वळवून त्यांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं मिशनचं कॅलेंडर होतं, आणि त्यात प्रत्येक रविवारच्या आकड्याशेजारी बारीक लाल क्रूस छापलेला होता.

नानांनीही पाहिलं.

'सॉनटाग,' लीनाबाई म्हणाल्या. 'सन्डे. नाना, ही रविवारची गाडी आहे. रविवारी आणि सणाला धावणारी. आणि हातोडे म्हणजे कामाचे दिवस.'

'म्हणजे कुणीही?'

'ज्याच्याकडं तिकीट असेल तो.'

आता लीनाबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. 'तिरानोला घालावा, सेंट मॉरिट्झला काढावा,' त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. आतून पास्टरसाहेबांनी विचारलं, 'काय गं झालं?' नानाही हसत होते.

माळीवाडा, त्याच दिवशी, साडेपाच

दमयंती शाळेतून आली तेव्हा नाना दारातच उभे होते. त्यांनी तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

आधी क्रूस सांगितला. मग हातोडे. मग भिंगार. दमयंतीच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

'एवढ्यासाठी मला बोगद्यात घालणार होतात? मला विचारायचं तरी.'

'विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, उतरवतील तेव्हा बघू.'

'म्हणालेच असते.'

'तेच मला बघायचं नव्हतं.' मग नानांनी जंक्शनवरच्या बाईचं सांगितलं. भराभर, खाली बघून, ट्रंक उचलल्यापर्यंत.

दमयंतीनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाली, 'कुठं निघाली होती ती?'

'विचारलं नाही.'

'तिकिटावर असेल की लिहिलेलं.'

'असेल,' नाना म्हणाले. 'मी फक्त वर्ग पाहिला.'

ती आत गेली, हातपाय धुऊन आली, आणि त्यांच्यासमोर बसली. 'उद्या शुक्रवार,' ती म्हणाली. 'एजंटला पत्र आत्ता लिहा. मी टाकून येते.'

बेत चौथा

तिरानो, रविवार ३ जुलै. सकाळची गाडी, क्रूसाची.
बाकी बेत दुसऱ्याप्रमाणे.
शेरा: खिडकी?

'कुठल्या बाजूला बसू?' दमयंतीनं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर वेळापत्रकात नव्हतं.

पत्र पेटीत पडलं होतं. नानांनी तिचा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला, त्याच्या कोपऱ्यांवर डाळीच्या वाट्या ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसून बोटानं रूळ शोधला.

'गाडी उत्तरेला जाणार. सकाळची वेळ, ऊन उजवीकडून. म्हणजे तू डावीकडं बस. समोरचे डोंगर उजळलेले, आणि तिरीप डोळ्यावर नाही.'

'आणि ब्रुसिओच्या वेढ्यात?'

नानांनी बोट फिरवलं. डावं उजवीकडं गेलं, ऊन मागं आलं, पुन्हा पुढं आलं. 'तिथं उठून दोन्हीकडं बघ.'

'लोक काय म्हणतील?'

'काय म्हणायचं ते जर्मनमध्ये म्हणतील.'

दमयंती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. मग तिनं वही घेतली आणि शेऱ्यात लिहिलं: डावीकडे.

नाना मात्र पुन्हा वेळापत्रकात घुसले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

'दमू, रविवार म्हणजे सुट्टी. डोंगर बघायला त्यांच्याकडचेही लोक निघणार. गर्दी असणार गं. खिडकी हवी तर अर्धा तास आधी फलाटावर जा.'

'जाईन.'

'अर्ध्या तासात नाही भागायचं. तासभर.'

'बरं, तासभर.'

'दीड धर,' नाना म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.