गावाचा ड्राय डे

शेवटी गाव डेंग्यूमुक्त झालं. कमानीला तसा फ्लेक्सही लागला. त्यावर डास एक आणि सरपंच विजयसिंह तीन ठिकाणी. पण ते झालंच नाही असं आपण धरू. बायडाबाईनंही तसंच धरलं होतं. फ्लेक्स चढत होता तेव्हा ती नळाखाली घागर लावून बसली होती आणि नळातनं नुसती हवा येत होती.

यंदा पावसानं मे महिन्यातच मुक्काम टाकला. मध्येच उघडीप देऊन असं ऊन पाडलं, की अंगणातल्या चिखलाला वाफा सुटल्या. मग परत पाऊस. गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला असलेल्या ह्या गावात माणसांना ती हवा मानवेना. डासांची मात्र जावयागत सरबराई झाली. त्यात नदी चढली आणि गावाला पाणी उपसून देणारी मोटर बुडाली. म्हणजे नदी गावात शिरायच्या बेतात, आणि नळाला पाणी चार दिवसाआड. म्हणून बायडाबाईनं अंगणातलं निळं बॅरल काठोकाठ भरून ठेवलं होतं, आणि त्याला ती पहिलटकरणीगत जपत होती.

अशात एका बुधवारी ग्रामपंचायतीचा भोंगा बोलला, "शुक्रवारी सगळ्या गावानं ड्राय डे पाळायचा. कुणाचीबी गय केली जाणार न्हाई!" पाण्याची भांडी ओतून कोरडी करायची, हे पुढचं वाक्य लाईट गेल्यामुळं भोंग्यातच राहिलं.

बायडाबाईचा नवरा पिराजी भाकरी टाकून उठला. निवडणुका, गांधी जयंती, असे ड्राय डे त्यानं जन्मभर सोसले होते.

"आवं, शुक्रवारी काय हाय?" बायडाबाईनं विचारलं.

"त्यो गडी माणसांचा इषय हाय. तू नगं लक्ष घालूस."

गुरुवारी गावातले गडी पिशव्या घेऊन गडहिंग्लजला जाऊन आले. शुक्रवारी गाव जितकं ओलं झालं, तितकं महापुरातही झालं नव्हतं. बॅरल कुणी रिकामं केलं नाही. बाटल्या तेवढ्या केल्या. त्या परसात पडल्या आणि पावसानं लगेच परत भरून दिल्या.

पुढच्या आठवड्यात सून क्रांती तापानं फणफणली. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. दवाखान्यात कॉट शिल्लक नव्हती. "घरी न्या, भरपूर पाणी पाजा. उद्या परत रक्त बघू. पेशी आणखी घसरल्या तर कोल्हापूरला हलवावं लागेल," म्हणाले. एरवी सासूचा एक शब्द खाली पडू न देणारी सून भिंतीकडं तोंड करून गप पडली होती. तिचं ते गप पडणं बायडाबाईला सोसवेना.

तेवढ्यात गावची आशाताई सबिना बॅटरी घेऊन आली. तिनं बॅरलात उजेड मारला.

"मावशी, आळ्या हायत ह्यात. आत्ताच्या आत्ता वता."

"वतू? नळ परवा येणार. सुनंला काय पाजू?"

"त्यो डास सवच्छ पाण्यातच हुतोय, मावशी."

"मग आमच्यापरास त्येचीच ऱ्हाणी बरी की! डॉक्टर म्हंतोय पाणी पाज, तू म्हंतीस पाणी वत. तुमी दोघं आदी एकदा बसून ठरवा."

आतनं क्रांतीचा बारीक आवाज आला, "आत्ती, वता. मला न्हाई तहान."

ओठ फुटले होते तिचे. बायडाबाई बॅरलाला धरून उभी राहिली.

सबिना तवर परसात डोकावली. "आणि ह्या बाटल्या कुणाच्या?"

"ड्राय डे पाळलाय आमी," पिराजी छाती काढून म्हणाला.

"मामा, ड्राय डे म्हंजी पाण्याची भांडी कोरडी करायची हुती!"

"मग तसं सांगायचं की! उगंच गावाचा जीव टांगणीला."

सबिना घरी गेली आणि उकळलेल्या पाण्याची कळशी कमरेवर घेऊन आली. "माझ्यात शेंदायची हीर हाय. नळ येस्तवर ह्येच पाजा. आता वता."

बायडाबाईनं बॅरल आडवं केलं. पाणी उन्हात पसरलं, आळ्या तडफडल्या. तिनं बॅरल राखेनं घासलं, आणि परवा नळ आला की त्याच्या तोंडावर बांधायला पिराजीचं धोतर काढून ठेवलं.

"आगं, जत्रंचं धोतर हाय त्ये!"

"झाली की तुमची जत्रा शुक्रवारी! बाटल्या गोळा करा."

दुसऱ्या दिवशी पेशी थोड्या घसरल्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या, मग चढल्या. आणि एका सकाळी आतनं आवाज आला, "आत्ती, भाकरी करपवली जणू!" बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मग सवडीनं भांडायला आत गेली.

त्याच दिवशी फ्लेक्स लागला. सरपंचांचा हिशेब सरळ होता. क्रांतीचं रक्त गडहिंग्लजला तपासलं, म्हणजे डेंग्यू गडहिंग्लजचा. गावात काही नाही. पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "रोज सोडणं शक्य न्हाई, काकी. काय असंल ते लेखी द्या."

बायडाबाईनं लेखी दिलं. ती सांगत गेली, क्रांती लिहीत गेली:

"मा. सरपंचसाहेब, गावास पाणी रोज सोडणे शक्य नसल्याचे आपण कळविले आहे. तरी डासांनाही नळाचेच वेळापत्रक लागू करून त्यांना चार दिवसाआड सोडण्यात यावे. तेही शक्यतो पाण्याच्याच दिवशी, म्हणजे आम्ही सगळे घरी असतो, ही नम्र विनंती."